सिरीजमधले कपॅसिटर: आधी व्होल्टेजची वाटणी, मग धारकतेचा हिशेब

प्रश्न असा आहे. १०० मायक्रोफॅरड, २५० व्होल्टचे दोन इलेक्ट्रोलायटिक (आत द्रव असलेले, धन-ऋण टोकं ठरलेले) कपॅसिटर सिरीजमध्ये जोडून ४०० व्होल्ट डीसीच्या लाइनवर लावले. हिशेबाने प्रत्येकावर २०० व्होल्ट, म्हणजे मर्यादेच्या बरेच आत. तरी काही आठवड्यांत एकाचं डोकं फुगलं. असं का झालं, आणि मुळात कपॅसिटरची सूत्रं रेझिस्टरच्या उलटी का असतात?

फुगण्याचं कारण आधी सांगतो. ४०० चे निम्मे-निम्मे होतील हे आपण धरून चाललो, पण ती वाटणी या सर्किटमध्ये कुणीच करून देत नव्हतं. सिरीज म्हटलं की लोक लगेच एकूण धारकता (दर व्होल्टला किती प्रभार साठतो, ते माप) काढायला बसतात. ते दोन ओळींचं काम आहे आणि त्यात फारसं कुणी चुकत नाही. कपॅसिटर फुटतात ते व्होल्टेजच्या वाटणीमुळे, आणि ही वाटणी सर्किट चालू करताना एका नियमाने होते, नंतर दुसऱ्याच. ते नीट कळण्यासाठी सूत्रं कुठून येतात ते आधी पाहू.

सूत्रं उलटी का

सगळं एका संबंधावर उभं आहे: प्रभार = धारकता × व्होल्टेज. मायक्रोफॅरडला व्होल्टने गुणलं की उत्तर मायक्रोकूलोममध्ये येतं. आकडेमोड याच एककांत ठेवली तर शून्यांचा घोळ होत नाही.

पॅरललमध्ये सगळ्या कपॅसिटरची दोन्ही टोकं एकत्र, त्यामुळे व्होल्टेज सगळ्यांवर सारखं. प्रत्येक जण आपल्या धारकतेप्रमाणे प्रभार घेतो आणि स्रोताला या सगळ्यांची बेरीज पुरवावी लागते. म्हणून

एकूण = अ + ब + क + …

सिरीजमध्ये गोष्ट वेगळी. पहिल्या कपॅसिटरची खालची प्लेट, दुसऱ्याची वरची प्लेट आणि त्यांना जोडणारी तार, एवढा भाग बाकी सर्किटपासून तुटलेला असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना इन्सुलेटरच आहे. बाहेरून तिथे प्रभार येऊ शकत नाही आणि तिथून जाऊही शकत नाही. फक्त आतल्या आत सरकतो: जेवढा ऋण प्रभार पहिल्याच्या खालच्या प्लेटकडे ओढला गेला, तेवढाच धन प्रभार दुसऱ्याच्या वरच्या प्लेटवर उघडा पडतो. म्हणून सिरीजमधल्या प्रत्येक कपॅसिटरवर प्रभार सारखाच, मग त्याची धारकता काहीही असो. बेरीज होते ती व्होल्टेजची. व्होल्टेज म्हणजे प्रभार भागिले धारकता, म्हणून

१ ÷ एकूण = १ ÷ अ + १ ÷ ब + १ ÷ क + …

दोनच असतील तर गुणाकार भागिले बेरीज: (अ × ब) ÷ (अ + ब). हे सूत्र तिघांना चालत नाही. तिघांचा गुणाकार भागिले तिघांची बेरीज केली तर उत्तर मायक्रोफॅरडच्या वर्गात येतं, एककच सांगतं की चूक झाली. तीन असतील तर आधी दोघांचं काढा, मग त्याचं तिसऱ्याबरोबर.

हेच प्लेटकडे पाहून ताडता येतं. धारकता प्लेटच्या क्षेत्रफळाबरोबर वाढते आणि प्लेटमधल्या अंतराबरोबर घटते. पॅरलल जोडणं म्हणजे प्लेट शेजारी-शेजारी ठेवून क्षेत्रफळ वाढवणं, सिरीज म्हणजे एकावर एक रचून अंतर वाढवणं. रेझिस्टरमध्ये लांबी वाढली की रोध वाढतो आणि जाडी वाढली की घटतो, म्हणून तिथे उलटं दिसतं. एसीच्या बाजूने पाहिलं तर विरोधाभासच उरत नाही. कपॅसिटरचा एसीला होणारा अडथळा धारकतेच्या व्यस्त प्रमाणात असतो (५० हर्ट्झला १ मायक्रोफॅरड म्हणजे सुमारे ३१८३ ओहम), आणि हे अडथळे सिरीजमध्ये रेझिस्टरसारखेच सरळ बेरजेने वाढतात.

उत्तर बरोबर आहे का हे पाहायची चाचणी सोपी आहे. सिरीजचं उत्तर सगळ्यात लहान कपॅसिटरपेक्षाही लहान यायला हवं, पॅरललचं सगळ्यात मोठ्यापेक्षा मोठं. १० आणि १ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये ०.९०९ होतात. सारख्याच किमतीचे चार असतील तर सिरीजमध्ये एक-चतुर्थांश.

सिरीजमध्ये काही वाया जातं का?

१०० चे दोन लावून ५० च हातात आले, म्हणजे निम्मं वाया गेलं, असं बऱ्याच जणांना वाटतं. ऊर्जेचा हिशेब करा. ऊर्जा म्हणजे धारकता गुणिले व्होल्टेजचा वर्ग, त्याचं निम्मं. हेच दोन कपॅसिटर पॅरललमध्ये म्हणजे २०० मायक्रोफॅरड, २५० व्होल्ट: ६.२५ ज्यूल. सिरीजमध्ये ५० मायक्रोफॅरड, ५०० व्होल्ट: तेही ६.२५ ज्यूल. वाया काहीच गेलं नाही, धारकता देऊन व्होल्टेज घेतलं. म्हणूनच सिरीज जोडणी करण्यामागे व्यवहारात बहुतेक वेळा एकच कारण असतं, एका कपॅसिटरला न झेपणारं व्होल्टेज. नेमकं ते व्होल्टेजच नीट वाटलं गेलं नाही तर जोडणीचा हेतूच फसतो.

वेगवेगळ्या किमतीचे कपॅसिटर

प्रभार सारखा, म्हणजे लहान धारकतेवर जास्त व्होल्टेज. अंदाजाने नेमकं उलट वाटतं, म्हणून उदाहरण घेतो. ४.७ आणि १० मायक्रोफॅरड सिरीजमध्ये, वर ५० व्होल्ट. ४.७ वर येतात ५० × १० ÷ १४.७ = ३४ व्होल्ट, आणि १० वर उरलेले १६.

आता समजा ४.७ वाला ३५ व्होल्टचा आहे आणि १० वाला २५ व्होल्टचा. जोडी किती व्होल्ट झेलेल? ३५ अधिक २५ म्हणून ६० म्हणाल तर पहिला जाईल. इथे प्रत्येकाला सोसवणारा कमाल प्रभार काढायचा. पहिल्याचा ४.७ × ३५ = १६४.५ मायक्रोकूलोम, दुसऱ्याचा १० × २५ = २५०. दोघांवर प्रभार सारखाच राहणार, म्हणून लहान आकडा मर्यादा ठरवतो. १६४.५ ला पहिल्यावर ३५ व्होल्ट, दुसऱ्यावर १६.४५, मिळून ५१.४५. हीच जोडीची खरी कमाल, आणि त्यातही पुढे सांगितलेली टॉलरन्सची (छापील आणि खऱ्या किमतीतल्या फरकाची) कसर धरलेली नाही. कितीही कपॅसिटर असले तरी ही रीत चालते. माझं मत विचाराल तर पॉवर सर्किटमध्ये असमान कपॅसिटर सिरीजमध्ये लावूच नयेत. व्होल्टेज विभागणं हाच उद्देश असेल, जसं मोजमापाच्या सर्किटमध्ये, तर गोष्ट वेगळी.

तुमचा कपॅसिटर का फुगला

ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलायटिकची टॉलरन्स बहुधा अधिक-उणे २० टक्के असते. १०० छापलेल्यांपैकी एक ८० आणि दुसरा १२० निघाला तरी दोघेही विकायला योग्यच. चालू करताच ८० वाल्यावर ४०० × १२० ÷ २०० = २४० व्होल्ट येतात, दुसऱ्यावर १६०. २५० च्या आत आहे, पण काठावर. लाइन १० टक्के वर गेली की तेच २६४ होतात.

हा झाला पहिल्या काही क्षणांचा नियम. खरा घात त्यानंतर होतो. कुठलाच कपॅसिटर पूर्ण इन्सुलेटर नसतो, थोडा प्रवाह त्यातून गळतोच. डीसीवर बराच वेळ गेला की धारकतेचा वाटणीशी संबंध संपतो आणि गळतीचा रोध वाटणी ठरवतो. दोन्हींतून आता एकच गळतीचा प्रवाह वाहत असतो, म्हणजे प्रत्यक्षात हे दोन मोठे रेझिस्टर सिरीजमध्ये असल्यासारखं झालं. एकाचा गळती-रोध २ मेगाओहम आणि दुसऱ्याचा १ मेगाओहम असेल, तर वाटणी २६७ आणि १३३. बघा, मर्यादा ओलांडली ती कमी गळणाऱ्या, म्हणजे चांगल्या कपॅसिटरने! तो २५० च्या वर राहतो, तापतो, आत वायू तयार होतो आणि डोक्यावरचा खाचा उचलला जातो. लोक फुगलेला बदलतात, त्याच्या शेजारचा गळका तसाच ठेवतात, आणि नवा पुन्हा फुगतो. बदलायचे तर दोन्ही बदला, एकाच बॅचचे.

एक खुलासा. वरचे २ आणि १ मेगाओहम समजण्यासाठी घेतलेत, प्रत्यक्षात गळती स्थिर रोधासारखी वागत नाही. व्होल्टेज मर्यादेच्या जवळ गेलं की ती झपाट्याने वाढते, म्हणून एकाच बॅचचे नवे कपॅसिटर बरेचदा आपोआप सांभाळून घेतात आणि बॅलन्सिंगशिवायही (व्होल्टेज सारखं वाटून देणाऱ्या रेझिस्टरशिवायही) सर्किट चालतं. एक जुना आणि एक नवा, किंवा एक वर्षानुवर्षं पडून राहिलेला, किंवा एक हीटसिंकला चिकटून तापणारा असेल, तर हे सांभाळणं जमत नाही.

उपाय: प्रत्येकावर एक रेझिस्टर

प्रत्येक कपॅसिटरच्या दोन टोकांवर सारख्याच किमतीचा रेझिस्टर लावायचा. त्यातून वाहणारा प्रवाह गळतीपेक्षा बराच मोठा ठेवला की वाटणी रेझिस्टर ठरवतात, गळती नाही.

किंमत काढायची अशी. साध्या इलेक्ट्रोलायटिकच्या माहितीपत्रकात गळतीची कमाल मर्यादा बहुधा ०.०१ × मायक्रोफॅरड × व्होल्ट अशी मायक्रोअँपिअरमध्ये दिलेली असते. तुमच्या कपॅसिटरला ०.०१ × १०० × २५० = २५० मायक्रोअँपिअर. सगळ्यात वाईट स्थिती म्हणजे एक एवढा गळतो आणि दुसरा अजिबात नाही. मधल्या बिंदूवर प्रवाहाचा जमाखर्च मांडला तर प्रत्येक कपॅसिटर २०० पासून जेवढा ढळतो तो आकडा = रेझिस्टर × गळतीतला फरक ÷ २. १५० किलोओहम घेतले तर १८.७५ व्होल्ट, म्हणजे जास्तीत जास्त सुमारे २१९. चालेल. वरच्याच २ आणि १ मेगाओहमच्या जोडीला १५० किलोओहम लावून पाहिलं तर २६७-१३३ ऐवजी सुमारे २०७-१९३ मिळतात.

रेझिस्टरमध्ये उष्णता २०० × २०० ÷ १,५०,००० = ०.२७ वॉट. अर्धा वॉट पुरेल असं वाटेल, पण १ वॉटचा घ्या. कारण वॉटपेक्षा व्होल्टेज आहे. छोट्या पाव वॉटच्या रेझिस्टरची स्वतःची मर्यादाच बहुधा २५० व्होल्टच्या आसपास असते, आणि ती कुणी पाहत नाही. रेझिस्टर त्या मर्यादेला सतत टेकून राहिला की हळूहळू ओपन होतो, आणि बॅलन्सिंग गेल्याचं बाहेरून कळतही नाही. वाटल्यास ७५ किलोओहमचे दोन सिरीजमध्ये लावा.

हे रेझिस्टर चालू करतानाच्या पहिल्या क्षणी काहीही मदत करत नाहीत, हेही लक्षात असू द्या. तेव्हा वाटणी धारकतेनेच होते. मधला बिंदू २०० कडे यायला जो काळ लागतो तो (दोन रेझिस्टर पॅरलल) × (दोन कपॅसिटरची बेरीज) = ७५ किलोओहम × २०० मायक्रोफॅरड = १५ सेकंदांच्या काल-स्थिरांकाने (फरक साधारण एक-तृतीयांशावर यायला लागणारा वेळ). म्हणून व्होल्टेजची मर्यादा निवडताना टॉलरन्स वेगळी धरावी लागते. ४०० च्या लाइनला २५० चे दोन म्हणजे तंगच, ३५० चे दोन निवांत.

खरं तर ४०० व्होल्टला ४५० व्होल्टचा एकच कपॅसिटर सहज मिळतो. जागा असेल तर तोच लावा आणि ही सगळी भानगड टाळा. सिरीजची गरज पडते ती लाइन ५०० च्या पुढे गेल्यावर.

जोडताना दोन गोष्टी. वरच्याचं ऋण टोक खालच्याच्या धन टोकाला. ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलायटिकवरचा पट्टा ऋण दाखवतो, तर टँटलमवरचा पट्टा धन. याच गल्लतीने टँटलम पेटतात. दुसरं म्हणजे ॲल्युमिनियमचा डबा आतल्या द्रवातून ऋण टोकाशी जोडलेलाच असतो. सिरीजमधल्या वरच्या कपॅसिटरचा डबा म्हणजे २०० व्होल्टवर बसलेला धातू. वरच्या प्लास्टिकच्या आवरणाला इन्सुलेशन समजू नका. ते फाटतं, उन्हाने-उष्णतेने आकसतं. दोन डबे एकमेकांना टेकू देऊ नका, आणि धातूची पट्टी लावून चॅसिसला आवळू तर अजिबात नका.

सुपरकपॅसिटरलाही हेच सगळं लागू आहे, किंबहुना जास्तच. एका सेलची मर्यादा साधारण २.७ व्होल्ट, म्हणून १२ व्होल्टला ५ सेल काठावर (१३.५) आणि ६ सेल सुखात (१६.२). १०० फॅरडचे ६ सिरीजमध्ये लावले की १६.७ फॅरड. इथे बॅलन्सिंगशिवाय जोडणी करूच नये, कारण सेल मर्यादेच्या अगदी जवळ वापरले जातात.

पॅरलल: बेरीज सोपी, बाकीचं नाही

धारकता बेरजेने, व्होल्टेजची मर्यादा सगळ्यात कमी असलेल्याची. ४०० व्होल्टच्या चौघांत एक २५० चा घुसला की सगळी बँक (असा एकत्र जोडलेला गट) २५० ची. एक शॉर्ट झाला की सगळी बँक शॉर्ट, आणि बाकीच्यांतली सगळी ऊर्जा त्या एकात ओतली जाते. मोठ्या बँकेत म्हणूनच प्रत्येकाला वेगळा फ्यूज देतात. (सिरीजमध्ये एक शॉर्ट झाला की पूर्ण व्होल्टेज उरलेल्यावर, मग तोही जातो.)

मोटरच्या कपॅसिटरला पॅरलल अगदी सरळ लागू पडतं. ५ मायक्रोफॅरड हवा आणि २.५ चे दोन आहेत, तर पॅरललमध्ये लावा, दोन्ही ४४० व्होल्ट एसीचे असतील तर जोडीही ४४० ची. फक्त एसी रेटिंगच पाहा. ४०० व्होल्ट डीसी लिहिलेला फिल्म कपॅसिटर २३० व्होल्ट एसीवर कायमचा लावणं बरोबर नाही, जरी २३० चं शिखर ३२५ च असलं तरी.

चार्ज झालेला कपॅसिटर रिकाम्याला पॅरलल जोडू नये. १०० मायक्रोफॅरड ३०० व्होल्टवर आहे, त्यात ४.५ ज्यूल. तेवढाच रिकामा जोडला की दोन्ही १५० वर येतात, आणि दोघांची मिळून ऊर्जा उरते २.२५ ज्यूल. निम्मी गेली कुठे? तारेच्या रोधात आणि ठिणगीत. तार जाड घेतली तर नुकसान कमी होईल असं वाटतं, तसं होत नाही: रोध कमी झाला की प्रवाह वाढतो आणि नुकसान तेवढंच राहतं. वाचवायचं असेल तर मध्ये कॉइल लागते. काँटॅक्ट वितळणं, रिलेचे पॉइंट चिकटणं हे याच प्रकारातलं.

पॅरलल जोडण्याचं दुसरं मोठं कारण धारकता नसून रिपल करंट (कपॅसिटरमधून सतत आत-बाहेर होणारा बदलता प्रवाह) आहे. पॉवर सप्लायमध्ये एका कपॅसिटरला ४ अँपिअर झेपत नसेल तर दीड अँपिअरचे तीन लावतात. आता हे ४ अँपिअर तिघांत सारखे वाटले जातील का? १०० हर्ट्झला १००० मायक्रोफॅरडचा अडथळा सुमारे १.६ ओहम, आतला सिरीज-रोध त्यामानाने नगण्य, म्हणून वाटणी धारकतेप्रमाणे होते. १०० किलोहर्ट्झला तोच अडथळा १.६ मिलिओहम उरतो आणि आतला रोध त्याच्या कितीतरी पट. तिथे वाटणी आतल्या रोधाप्रमाणे. म्हणून स्विचिंग सप्लायमध्ये (उच्च फ्रिक्वेन्सीने चालू-बंद होत चालणाऱ्या) जुन्या, रोध वाढलेल्या दोघांच्या शेजारी एक नवा कपॅसिटर बसवला तर सगळा रिपल नव्यावर पडतो आणि तोच आधी तापतो. तारांचंही तसंच आहे. ओळीतल्या पहिल्या कपॅसिटरलाच धन आणि ऋण दोन्ही तारा जोडल्या तर शेवटचा आराम करतो. धन एका टोकाकडून आणि ऋण दुसऱ्या टोकाकडून आणा, सगळ्यांना मिळणारा रस्ता सारख्या लांबीचा होतो.

१० मायक्रोफॅरडच्या इलेक्ट्रोलायटिकला ०.१ चा सिरॅमिक (ज्यावर १०४ लिहिलेलं असतं) पॅरलल का लावतात, हाही नेहमीचा प्रश्न. बेरीज १०.१ होते, टॉलरन्सपुढे ती निरर्थक. सिरॅमिक तिथे उच्च फ्रिक्वेन्सीसाठी असतो, जिथे इलेक्ट्रोलायटिकच्या आतला रोध आणि इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) आड येतात. तो आयसीच्या पायाला चिकटून हवा. दहा सेंटिमीटर तारेच्या टोकाला लावला तर न लावल्यासारखाच.

सिरॅमिकची आणखी एक खोड. एक्स५आर, एक्स७आर जातीच्या सिरॅमिकची धारकता डीसी व्होल्टेजखाली घटते, छोट्या आकारात तर निम्म्याहून कमीही उरते. त्यामुळे १० चे दोन सिरीजमध्ये लावल्यावर ५ च मिळतील असं नाही. प्रत्येकावर निम्मंच व्होल्टेज असल्याने प्रत्येकाची घट कमी असते, आणि पॅरललमध्ये २० लिहिलेले प्रत्यक्षात १० भरू शकतात. अशा वेळी बेरीज छापील आकड्यांची न करता माहितीपत्रकातल्या आलेखावरून करावी.

मिश्र सर्किट

४ मायक्रोफॅरड, त्याच्यापुढे ६ आणि २ ची पॅरलल जोडी, सगळ्यावर १२ व्होल्ट. जोडी ८ ची. ४ आणि ८ सिरीजमध्ये: ३२ ÷ १२ = २.६७ मायक्रोफॅरड. एकूण प्रभार २.६७ × १२ = ३२ मायक्रोकूलोम. ४ वर तो सगळाच, म्हणजे ८ व्होल्ट. जोडीवर उरले ४ व्होल्ट: ६ वर २४ मायक्रोकूलोम, २ वर ८, बेरीज ३२. बेरीज जुळली की उत्तर बरोबर. आत जाताना एकेक पायरी एकत्र करायची आणि परत येताना प्रभार-व्होल्टेज वाटत यायचं, रीत एवढीच.

चुका होतात त्या सिरीज ओळखण्यात. चित्रात एकापुढे एक काढले म्हणजे सिरीज होत नाही. दोघांच्या मधल्या बिंदूला तिसरं काहीही जोडलेलं नसेल तरच सिरीज. एखादी फांदी तिथून निघत असेल तर तो भाग तुटलेला राहिला नाही, आणि सारख्या प्रभाराचा नियम मोडला. ब्रिजसारख्या सर्किटमध्ये (दोन सिरीज जोड्या शेजारी-शेजारी, त्यांचे मधले बिंदू एका कपॅसिटरने जोडलेले) आधी दोन्ही बाजूंची गुणोत्तरं पाहा. ती जुळत असतील तर मधल्या कपॅसिटरवर व्होल्टेज शून्य, त्याला काढून टाका. जुळत नसतील तर बिंदूवरच्या प्रभाराचं समीकरण मांडावं लागतं, सिरीज-पॅरललच्या सूत्रांनी ते सुटणार नाही.

दुसरी चूक, आधीचा प्रभार विसरणं. सारख्या प्रभाराचा नियम दोन्ही कपॅसिटर सुरुवातीला रिकामे असतील तरच खरा. १० मायक्रोफॅरड आधी २० व्होल्टवर चार्ज केला, तसाच दुसरा रिकामा, आणि दोघांना त्याच दिशेने सिरीजमध्ये ३० व्होल्टवर लावलं, तर वाटणी १५-१५ होत नाही. मधल्या भागात आधीचे २०० मायक्रोकूलोम अडकलेले आहेत, ते जाणार कुठे? दोघांच्या प्रभारात तेवढा फरक राहतो: २५० आणि ५०, म्हणजे २५ व्होल्ट आणि ५ व्होल्ट.

दोन इलेक्ट्रोलायटिकची ऋण टोकं एकमेकांना जोडून बिनध्रुवाचा कपॅसिटर करतात, तोही सिरीजचाच प्रकार. १०० चे दोन घेतले की मीटरवर ५० च्या आसपास दिसतो. स्पीकरच्या क्रॉसओव्हरसारख्या ठिकाणी चालतो. मेन्सवर सतत चालणाऱ्या मोटरला लावू नका, तापून फुटेल. आणि मेन्सच्या फिल्टरमधल्या एक्स किंवा वाय वर्गाच्या सुरक्षा-कपॅसिटरच्या जागी साधे दोन सिरीजमध्ये लावून वेळ मारून नेऊ नका. त्यांचं खरं काम धारकता देण्यापेक्षा, बिघडले तरी धोका होणार नाही अशा रीतीने बिघडणं हे आहे.

मोजताना आणि हात घालताना

सिरीज जोडणीच्या मधल्या बिंदूवरचं व्होल्टेज मल्टिमीटरने मोजणं वाटतं तेवढं निरुपद्रवी नसतं. १ मायक्रोफॅरडचे दोन चांगले फिल्म कपॅसिटर सिरीजमध्ये १०० व्होल्टवर आहेत, बॅलन्सिंग रेझिस्टर नाहीत. मीटरचा आतला रोध १० मेगाओहम. खालच्या कपॅसिटरवर प्रोब ठेवले की आकडा ५० पासून सुरू होतो आणि डोळ्यांदेखत उतरत जातो. काल-स्थिरांक १० मेगाओहम × २ मायक्रोफॅरड = २० सेकंद. दीडेक मिनिटात आकडा जवळजवळ शून्य, आणि पूर्ण १०० व्होल्ट वरच्यावर. कपॅसिटर ६३ व्होल्टचे असतील तर मोजण्यानेच मर्यादा ओलांडली. बॅलन्सिंग रेझिस्टर असतील तर हा प्रश्न येत नाही, १५० किलोओहमपुढे १० मेगाओहम काहीच नाही. नसतील तर एकूण व्होल्टेज मोजा, मधल्या बिंदूला हात लावू नका.

धारकता मोजायची असेल तर कपॅसिटरचं किमान एक टोक सोडवा, नाहीतर पॅरललमधले सगळे त्यात मोजले जातात. पिकोफॅरडच्या जोडण्यांमध्ये प्रोबच्या तारा आणि ब्रेडबोर्डच्या शेजारच्या ओळी स्वतःचे काही पिकोफॅरड घालतात. १० पिकोफॅरडचे दोन सिरीजमध्ये लावून ५ मोजायला गेलात आणि ७-८ आले, तर सूत्र चुकलेलं नाही.

डिस्चार्ज करताना सिरीजच्या फक्त बाहेरच्या दोन टोकांना जोडून थांबू नका. समजा गळतीमुळे वाटणी २६० आणि १४० झाली होती. बाहेरची टोकं शॉर्ट केल्यावर एकूण शून्य होतं, पण सारख्या धारकतेच्या दोघांतून प्रत्येकी २०० च वजा होतात. एकावर अधिक ६० उरतात, दुसऱ्यावर उणे ६०. मीटर बाहेरून शून्य दाखवतो, आत मात्र दोन्ही भरलेले, आणि त्यातला एक उलट ध्रुवावर, जे इलेक्ट्रोलायटिकला मुळीच सोसत नाही.

म्हणून प्रत्येक कपॅसिटर वेगळा रिकामा करा. १५० किलोओहमचे रेझिस्टर आधीच लावलेले असतील तर सप्लाय बंद केल्यावर ४०० वरून ५० पर्यंत यायला अर्ध्या मिनिटाच्या वर वेळ लागतो, तेवढं थांबा. मग ४.७ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने प्रत्येकावर तीन-चार सेकंद धरा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय मोडा, त्याने टोकं जळतात आणि आतल्या जोडावर ताण येतो. दोन मिनिटांनी पुन्हा मोजा. इलेक्ट्रोलायटिकच्या आतल्या थरात मुरलेला प्रभार हळूहळू प्लेटवर परत येतो आणि रिकामा केलेला मोठा कपॅसिटर पुन्हा काही व्होल्ट दाखवू लागतो. तसं दिसलं तर रेझिस्टर परत लावा आणि काम संपेपर्यंत क्लिप काढू नका.